झूलॉजी शिकवावी की माशांवर काम करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषयांत झूलॉजी. घर भंडारा जिल्ह्यात, वडील गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. एम.एस्सी. करून प्राध्यापक व्हावं की मत्स्यशास्त्रज्ञ व्हायच्या मागे लागावं, दोन्ही एकाच माणसाला जमतं का, आणि या लोकांचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं, असं तिला विचारायचं आहे. मी नागपुरातच झूलॉजी शिकवून निवृत्त झालो, एम.एस्सी.ला 'फिश अँड फिशरीज' शिकवायचो. उत्तर लांबेल.

आधी पात्रतेचं बोलू, कारण पोरं इथेच अडकतात. मत्स्यशास्त्र ही आपल्याकडे स्वतंत्र पदवी आहे. बारावीनंतर चार वर्षांची बी.एफ.एस्सी. करता येते: नागपूर आणि उदगीरला माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, आणि रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाच्या. नागपूरचं महाविद्यालय तेलंगखेडीला आहे. फुटाळ्यावर कणीस खायला तू कितीदा तरी गेली असशील, तिथून ते जवळच. बारावीत असताना तुला हे कुणी सांगितलं नाही, तसं बहुतेकांना सांगत नाहीत. आता पुन्हा पहिल्या वर्षाला बसावं असं मी म्हणणार नाही. पण याचा परिणाम पुढे भोगावा लागतो हे ठाऊक असू दे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांत शास्त्रज्ञ व्हायचं तर कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची एआरएस, म्हणजे कृषी संशोधन सेवेची, परीक्षा द्यावी लागते, आणि मत्स्यविषयक काही शाखांना एम.एस्सी. चालते, काहींना एम.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते. शाखानिहाय पात्रतेचा तक्ता जाहिरातीसोबत असतो. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत प्रवेशाचंही तसंच. एम.एस्सी.चा विषय निवडण्याआधी हा तक्ता वाच, नंतर नको. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या जाहिरातीतही 'शैक्षणिक अर्हता' ही ओळ आधी बघायची, पगाराची नंतर.

प्राध्यापकीचा रस्ता तुला माहीत असेलच: एम.एस्सी.ला 55 टक्के, मग नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. कागदावर हा रस्ता सोपा वाटतो. प्रत्यक्षात आपल्याकडे अनुदानित महाविद्यालयांत कायम जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि सेट-नेट झालेली हुशार मुलं तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. उन्हाळ्यात तासिका नाहीत, म्हणून पैसे नाहीत. माझे काही उत्तम विद्यार्थी या चक्रात पस्तिशी ओलांडून गेले. हे तुला कुणी गोड करून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. कायम जागा मिळालीच तर दोन्हीकडे सुरुवातीची वेतनश्रेणी जवळपास सारखीच असते, त्यामुळे पैशावरून निवड करण्यात अर्थ नाही.

मग निवड कशावरून करायची? माझं मत सांगतो, ते सगळ्यांना पटत नाही. शास्त्रज्ञाची बदली होते, आज बंगालात बराकपूर, उद्या भुवनेश्वर, परवा कोची. प्रकल्पाची मुदत तीन वर्षांची. कॉलेजचा प्राध्यापक मात्र बहुधा एकाच शहरात नोकरीला लागतो आणि तिथेच निवृत्त होतो. याला लोक कमीपणा समजतात. पण मासे आणि पाणी या विषयात एकाच तलावाकडे पंचवीस-तीस वर्षं बघण्याची संधी फक्त त्यालाच मिळते, आणि ही संधी आपल्यातले बहुतेक वाया घालवतात. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. दोन्ही कामं जमतात, पण पाणी एक धरून ठेवलं तरच.

आधी दुसऱ्या टोकाचं, म्हणजे मास्तरकी सोडून शास्त्रज्ञ झालेल्या माणसाचं, उदाहरण घेऊ. हिरालाल चौधरी हे नाव तू पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचलं असशील. आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटकडचे, जन्म 1921 चा. कलकत्त्याला प्राणिशास्त्र शिकले आणि सिल्हेटच्या मुरारीचंद कॉलेजात शिकवू लागले. फाळणी झाली, सिल्हेट पाकिस्तानात गेलं, आणि हा झूलॉजीचा मास्तर बराकपूरच्या केंद्रीय आंतर्देशीय मत्स्य संशोधन केंद्रात दाखल झाला. ती संस्था 1947 सालचीच. त्या काळी प्रश्न असा होता: कतला, रोहू, मृगल हे कार्प जातीचे मासे तळ्यात पोसले जातात, मोठे होतात, त्यांच्या अंडाशयात अंडी भरतात, पण साचलेल्या पाण्यात ते अंडी सोडत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला नदीचा पूर लागतो. म्हणून मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, नदीतून गोळा करावं लागे. त्यात रोहूसोबत नको ते शिकारी मासेही येत, आणि पूर हुकला की वर्ष हुकलं.

अडचण माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत होती. पुराची चाहूल नसली की तिथून हवं ते संप्रेरक रक्तात उतरत नाही. ते बाहेरून टोचून बघावं ही कल्पना चौधरींची नव्हे. अर्जेंटिनात हूसे यांनी 1930 च्या सुमारास असे प्रयोग केले, मग ब्राझीलमध्ये झाले, आणि आपल्याकडे हमीद खान यांनी 1938 मध्ये मृगलावर प्रयत्न केला, पण त्यांनी सस्तन प्राण्यांची ग्रंथी वापरली होती. चौधरींनी माशाची ग्रंथी माशालाच दिली. आधी लहानसहान जातींवर यश मिळवलं, आणि 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला कार्प जातीच्या माशांनी बंद पाण्यात अंडी सोडली. सोबत के. एच. अलीकुन्ही होते. 2001 पासून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो याच कारणाने. तुझे बाबा आज संस्थेच्या तलावात जी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात, ती या घटनेशिवाय त्यांच्या हाती आलीच नसती.

मी हे वर्गात शिकवायचो तेव्हा एक गोष्ट मुद्दाम सांगायचो: हे काम करायला महागडं यंत्र लागलं नाही. माशाचं डोकं, धारदार सुरी, चिमटा, शुद्ध अल्कोहोल, खल-बत्ता, सलाइन आणि सिरिंज. कवटीचा वरचा भाग काढला, मेंदू अलगद उचलला की खाली हाडाच्या खोबणीत पांढुरका दाणा दिसतो, तीच ग्रंथी. मे-जूनमध्ये परिपक्व माशांची डोकी हवीत, आणि ती मिळायची भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात. सकाळी लवकर जायचं, ओळखीच्या मावशींकडून डोकी बाजूला काढून घ्यायची. मास्तर माशाची नुसती मुंडकी का नेतात याची बाजारात बरीच चर्चा होत असे. आज हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, तयार संप्रेरकाची कुपी वापरतात, मादीला किलोमागे अर्धा मिलीपर्यंत एकच टोचणी, काम झालं. सोय झाली हे खरं. पण ग्रंथी स्वतःच्या हाताने काढलेल्या विद्यार्थ्याला अंतःस्रावी संस्थेचा धडा पुन्हा वाचावा लागत नाही.

बाजाराचं निघालंच आहे तर सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 पासून विच्छेदन कमी करायला सांगितलं, पुढे ते जवळपास बंद झालं. आमच्या काळी मुंबईहून फॉर्मॅलीनच्या पिंपांत स्कोलियोडॉन, म्हणजे मुशी, छोटी शार्क, यायची, डोळ्यांतून पाणी काढत आम्ही तिच्या मेंदूच्या नसा शोधायचो. ती कापाकापी गेली याचं मला फारसं दुःख नाही. दुःख एवढंच की तिच्या जागी काय आणायचं याचा विचार कुणी केला नाही, चार्ट आणि व्हिडिओ आले. खरं तर मासळी बाजार ही प्रयोगशाळाच आहे. कतल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहूचं तोंड समोर, ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरात. मृगलाचं तोंड खाली, तो तळाशी. एका तलावात तिघे एकमेकांच्या ताटात हात न घालता कसे वाढतात, हे मासळीच्या पाटीसमोर उभं राहून पाच मिनिटांत समजतं. मिश्र मत्स्यशेतीचं सगळं गणित यावरच उभं आहे.

आता वर्षाचं चक्र कसं असतं ते सांगतो. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं आणि नेमका तेव्हाच प्रजननाचा हंगाम असतो. प्रवेशाची कामं, टाइमटेबल आणि तलाव एकाच वेळी अंगावर येतात. ऑगस्टात सलग ढगाळ दिवस आले की फोन वाजायला लागतात, त्याबद्दल पुढे सांगतो. हिवाळा नमुने घ्यायला उत्तम, पण तेव्हाच सेमिस्टर परीक्षा आणि पेपर तपासणी. एप्रिल-मेमध्ये नागपूर पंचेचाळीसच्या घरात, तलाव आटतात, मासे उरलेल्या पाण्यात दाटतात. शिकणाऱ्यासाठी हा काळ सगळ्यात मोलाचा, आणि नेमके तेव्हाच बहुतेक प्राध्यापक सुट्टीवर असतात. घरच्यांची नाराजी गृहीत धर. रविवारी पहाटे गमबूट घालून बाहेर पडणारा आणि दुपारी अंगाला माशाचा वास घेऊन येणारा माणूस लग्नकार्यात फारसा उपयोगी नसतो.

ऑगस्टातले फोन मासे मेल्याचे असतात. गावात पहिली शंका विषाची, दुसरी शेजारच्या संस्थेची. प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. इथे झूलॉजीच्या मास्तराला जी किंमत येते ती वर्गात कधी येत नाही, म्हणून नीट लक्ष दे. ढगाळ दिवसांत पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ पुरेसा प्राणवायू तयार करत नाहीत, रात्री मात्र सगळेच तो वापरतात. त्यामुळे पहाटे, सूर्य उगवण्याआधी, विरघळलेला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडतात. भंडाऱ्याकडच्या एका जुन्या ढीवर, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, काकांना मी कारण समजावत होतो तर ते म्हणाले, "काल दिवसभर ढग होते ना जी, आज मासा वर येणारच." तुला पुस्तकात जे वाचायचंय ते त्यांना ठाऊक असतं, फक्त आकडा नसतो.

आकडा तू द्यायचा. पण त्यासाठी पहाटेच पोचायला हवं. दुपारी बारा वाजता नमुना घेतला तर प्राणवायू भरपूर दिसतो आणि अहवाल खोटा ठरतो. पाण्यातला प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीत काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड तिथेच काठावर घालायचं. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. नेमकं मोजमाप, म्हणजे टायट्रेशन, नंतर प्रयोगशाळेत होतं, पण हा रंग गावकऱ्यांना तिथल्या तिथे दाखवता येतो आणि निम्मं भांडण तिथेच मिटतं. मग मेलेल्या माशांकडे बघ. प्राणवायू संपला असेल तर आधी मोठे मासे मरतात, लहान बराच वेळ तग धरतात. मरळ, शिंगूर, मांगूर हे हवेतूनही श्वास घेतात, ते सहसा वाचतात. लहान मासे आधी गेले असतील, पाण्यातले किडेही मेले असतील आणि मरळसुद्धा उलटी पडली असेल, तर मात्र कीटकनाशकाची शंका घे आणि नमुना सीलबंद करून पाठव. एवढं निरीक्षण करायला पीएच.डी. लागत नाही. पीएच.डी. झालेले किती जण ते करतात, हा वेगळा प्रश्न आहे.

पीएच.डी.बद्दल माझं मत जरा कडू आहे. आपल्या भागातल्या ग्रंथालयांत 'अमुक तलावाचा भौतिक-रासायनिक अभ्यास' या नावाचे प्रबंध रांगेने उभे आहेत. दोन वर्षं दरमहा तापमान, सामू (पीएच), पारदर्शकता, प्राणवायू, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), माशांची यादी. पदवी मिळाली की तो विद्यार्थी त्या तलावाकडे फिरकत नाही. दोन वर्षांच्या आकड्यांवरून तलावाबद्दल फारसं सांगता येत नाही, कारण एक वर्ष पावसाचं निघतं आणि एक कोरडं. पण तेच आकडे वीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने घेतले तर ते सोनं आहे. म्हणून तुला सुचवतो: नवा विषय शोधत बसू नकोस. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा, तुमच्या भागातल्या एखाद्या तलावाचा जुना प्रबंध काढ, नमुन्याच्या जागा नकाशावर उतरव आणि पुन्हा मोज. मार्गदर्शक म्हणतील यात नावीन्य नाही. त्यांना यादी दाखव, तेव्हाचे मासे आणि आताचे मासे.

ही यादी तुझ्या घराशी जोडलेली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत जे हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते मुख्यतः कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधले. शेतीला पाणी हा मूळ हेतू, पण मासे, शिंगाडा, कमळकंद यांवर ढीवर समाज पिढ्यान् पिढ्या जगला. नंतर उत्पादन वाढवण्यासाठी बाहेरचे मासे सोडले गेले. गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, पाणवनस्पती खातो, आणि याच वनस्पतींत आपले लहान गावठी मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात. वनस्पती गेल्या तसे तेही कमी होत गेले. काठावर बेशरम नावाची झुडपं माजली, गाळ साचला. तुमच्याच भागात काही गावांतल्या बायांनी तलावात पुन्हा देशी पाणवनस्पती लावल्या, बेशरम उपटली आणि गावठी मासे परत यावेत म्हणून काम केलं. मत्स्यशास्त्रातल्या अनेकांना हे काम अजून 'संशोधन' वाटत नाही. मला वाटतं.

मी कार्पविरोधी नाही, तेही सांगून ठेवतो. संस्थेला तलावाचा ठेका भरायचा असतो, आणि तो पैसा कतला-रोहूतूनच येतो. नागपूरच्या बाजारात आंध्रातून बर्फात येणारा मासा बघितला की कळतं, आपले तलाव असताना आपण बाहेरून किती आणतो. अडचण बरेचदा बीजाच्या आकाराची असते. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, स्वस्त म्हणून तेच मोठ्या तलावात ओतले तर मरळ आणि इतर शिकारी ते फस्त करतात. बोटाएवढी झालेली बोटुकली सोडली तर बरीच जगते. हा फरक बाबांच्या संस्थेला पटवून दिलास आणि गावच्या एखाद्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, संगोपन करायला लावलंस, तर कुठल्याही शोधनिबंधापेक्षा जास्त उपयोग होईल. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

संशोधनाच्या सवयींतली एकच सांगतो. नोंद करताना ठिकाण, तारीख, वेळ, जाळं कोणतं आणि त्याचा आस, म्हणजे एका भोकाचा आकार, केवढा, हे लिहिल्याशिवाय मासा मोजू नकोस. जुन्या कॉलेजांच्या संग्रहालयांत सुंदर मासे बाटल्यांत उभे असतात आणि लेबलवर फक्त नाव असतं, कुठून आणि कधी आणला ते नाही. असा नमुना शोभेचा. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1940 च्या दशकात असा सिद्धान्त मांडला की आग्नेय आशियातल्या डोंगरी झऱ्यांचे मासे विंध्य-सातपुड्याच्या मार्गाने सह्याद्रीपर्यंत पसरले असावेत. आपल्या उत्तरेला दिसणारा तोच सातपुडा. आज जनुकीय अभ्यासांमुळे त्यावर बरेच आक्षेप आहेत, पण वाद घालता येतो तो मासा कोणत्या ओढ्यातला याच्या नोंदी आहेत म्हणूनच. लांबी-वजनाचं समीकरण, अंडाशयाचं वजन, पोटातलं अन्न हे सगळं एम.एस्सी.त शिकवतातच. खवल्यांवरच्या वलयांवरून वय काढताना मात्र सावध राहा. ती पद्धत कडक हिवाळ्याच्या देशांत भरवशाची आहे. आपल्याकडे वलय प्रजननाने पडतं, उन्हाळ्यातल्या उपासमारीनेही पडू शकतं.

आता तुझ्यापुरतं बोलतो. एम.एस्सी. झूलॉजीच कर, मत्स्यविज्ञान हे स्पेशलायझेशन असलेला विभाग निवड, आणि निवडताना त्या विभागातले लोक शेवटचे तलावावर कधी गेले होते ते विचार, संकोच करू नकोस. पहिल्या वर्षापासून सेट आणि नेटची तयारी ठेव, एआरएसचा तक्ता बघून जी शाखा तुला खुली आहे तिचा अभ्यास सोबत चालू दे. परीक्षा निघाली आणि बराकपूर किंवा भुवनेश्वर मिळालं तर बेशक जा, तिथली साधनं इथे नाहीत. नाही निघाली आणि तासिका तत्त्वावर राहावं लागलं, तर स्वतःला एक मुदत घाल. त्या मुदतीनंतर हॅचरी, मत्स्यखाद्य कंपन्या, स्वयंसेवी संस्था, स्वतःची बीजसंगोपन तळी, हे पर्याय कमीपणाचे मानू नकोस. सरकारी योजनांत अनुदान असतं, पण आधी तळं आणि पाण्याची खात्री, मग अर्ज.

आणि या सुट्टीत एक काम सुरू कर. बाबांना आणि संस्थेतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तुमच्या तलावातल्या सगळ्या माशांची गावठी नावं लिहून काढ, जे आता मिळत नाहीत त्यांचीही, ते शेवटचे कधी दिसले त्याच्यासह. फोटो मिळतील तेवढे काढ, सोबत मोजपट्टी ठेवून. शास्त्रीय नावं जुळवायला तुझ्या विभागातल्या एखाद्या मॅडम-सरांची मदत घे. अडलं तर मला पाठव, मी बघून देतो. फोटोत पाठीवरचा आणि शेपटीजवळचा पर पूर्ण उघडा दिसला पाहिजे, नाहीतर जात ओळखता येत नाही.